सोलापुरात हसायला कुठं जायचं? आधी तारीख बघा, मग जागा

मागच्या दिवाळीत पुण्याचा भाचा घरी आला होता. शनिवारी संध्याकाळी त्यानं मोबाइलवर सोलापुरातला कॉमेडी शो शोधायला घेतला. दहा मिनिटं शोधलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्याकडं काहीच नाही की." तो परत गेला आणि पुढच्याच महिन्यात राज्य नाट्य स्पर्धेत एक फार्स बघायला मिळाला. दुसऱ्या अंकात सेटचं दार अडकलं. सासऱ्याचं काम करणारा गृहस्थ खिडकीतून एक पाय आत टाकून कसाबसा रंगमंचावर उतरला आणि धोतर सावरत म्हणाला, "दाराला तेल घाला म्हणून पहिल्या अंकातच सांगितलं होतं." संहितेत नसलेल्या त्या वाक्यावर लोक इतके हसले की समोरच्या नटाला पुढचं वाक्य घ्यायला थांबावं लागलं. आणि तिकीट होतं चहा-भजीच्या भावात.

सोलापूरचं हे असं आहे. इथला विनोद एका पत्त्यावर कायमचा बसलेला सापडत नाही. तो तारखेतारखेनं येतो, कधी नाट्यगृहात, कधी कॉलेजच्या मांडवात, कधी यात्रेच्या माळावर. नुसती जागा शोधणारा रिकाम्या हातानं परततो. तारखा टिपून ठेवणाऱ्याचं वर्ष भरून जातं. गेली पंचवीस वर्षं मी या शहरात आणि जिल्ह्यात खुर्चीवर, सतरंजीवर, मातीत बसून हसत आलोय. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: वर्षाचा पट मांडा

घरातल्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशेब लिहितो तिथंच, पेनानं खुणा करून ठेवा.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. गड्ड्यावर जरूर जा, पण यात्रेसाठी जा. पाळणे आणि खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत विनोदाला निवांत जागा मिळत नाही. चैत्र-वैशाखात जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रा आणि त्यातले तमाशे. आषाढात पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्या आणि भारुडं. भाद्रपदात गणपती, म्हणजे मंडळांचे एकपात्री आणि नकलांचे कार्यक्रम. पावसाळा सरता सरता विद्यापीठाचा युवा महोत्सव. दिवाळी झाली की राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. व्यावसायिक नाटकं वर्षभर मधूनमधून येत राहतात. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत त्यांचं येणं मंदावतं.

एवढं कॅलेंडरवर आलं की अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: खबर मिळण्याची सोय करा

मोठ्या नटांची नाटकं आणि स्टँडअपचे दौरे बुकमायशोवर किंवा तिकिटालयवर सापडतात. ॲपमध्ये शहर सोलापूर निवडून ठेवा म्हणजे सूचना येत राहतील. पण भाच्याची चूक इथंच झाली. हौशी नाटक, कॉलेजचं प्रहसन, भारूड, यात्रेतला तमाशा यातलं फारसं काही ॲपवर येत नाही.

त्यासाठी जुने रस्तेच धरावे लागतात. पार्क चौकाकडून जाणं झालं की हुतात्मा स्मृती मंदिराच्या बाहेरच्या फलकांवर नजर टाका. घरी 'संचार' किंवा दुसरं स्थानिक दैनिक येत असेल तर आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती आणि कार्यक्रमांचं सदर वाचा; नाटकाची जाहिरात बहुतेक वेळा तिथंच, दोन बोटं रुंदीची असते. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, एखाद्या प्रयोगाला गेलात की तिकीट खिडकीवर बसलेल्या माणसाकडं आपला नंबर देऊन या. प्रयोग लावणारे स्थानिक व्यवस्थापक प्रेक्षकांचे व्हॉट्सॲप गट चालवतात. एकदा त्यात शिरलात की नाटकाची तारीख जाहिरातीच्या आधी कळते, आणि पुढच्या रांगाही तेव्हाच मिळतात.

तिसरी पायरी: जागा ओळखा

हुतात्मा स्मृती मंदिर हे महापालिकेचं नाट्यगृह. नाव आहे ते १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. या चार नावांतच शहराची घडण दिसते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे इथं एकाच रांगेत बसतात. एखाद्या वाक्याला आधी मधल्या रांगा हसतात, मग शेजारच्यानं कानात अर्थ सांगितल्यावर कडेला दुसरा हशा उठतो. बाहेरगावचे नट पहिल्यांदा आले की या दुसऱ्या हशानं गडबडतात. जाणते नट त्याची वाट बघतात.

डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर आणि शिवस्मारकाचं सभागृह या ठिकाणी व्याख्यानं, कथाकथन, एकांकिका, छोटे कार्यक्रम होतात. एकपात्री आणि कथाकथन बघायचं तर मी नेहमी लहान सभागृहाला पसंती देतो. एकटा माणूस मोठ्या रंगमंचावर हरवतो. लहान जागेत त्याची भुवई उडालेलीही शेवटच्या रांगेला दिसते. कथाकथन म्हणजे वाचून दाखवणं असं समजून पुष्कळजण जात नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या अकलूजला जन्मलेल्या द. मा. मिरासदारांसारख्यांनी कथा सांगून गावंच्या गावं हसवली, ती याच प्रकारात. आजही चांगला कथाकथनकार लागला तर दीड तास कसा गेला कळत नाही.

उघड्यावरच्या विनोदी कार्यक्रमाचा आनंद हिवाळ्यात वेगळाच, पण एक लक्षात ठेवा. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. ८ चा कार्यक्रम सव्वानऊला सुरू झाला तर रंगात येईपर्यंत गुंडाळायची वेळ होते. उघड्यावरच्या कार्यक्रमाला म्हणूनच वेळ पाळणारा आयोजक बघून जावं.

चौथी पायरी: व्यावसायिक नाटकाचं तिकीट नीट काढा

इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथंच जातात.

नाटक कंपनीला शनिवार-रविवार पुण्या-मुंबईत प्रयोग मिळतात. सोलापूरची तारीख बहुतेक वेळा दौऱ्यात बसवली जाते: कोल्हापूर, सांगली करत कंपनी इकडं येते, किंवा सोलापूरहून पुढं लातूर-नांदेडला जाते. सेटचा ट्रक, कलाकारांची बस, सगळ्यांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात. एवढं सगळं एका रात्रीच्या तिकीटविक्रीतून निघालं पाहिजे. प्रयोग विकत घेणारा स्थानिक कंत्राटदार दोन दिवस आधी बुकिंगचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, उघडून बसतो आणि रिकाम्या चौकोनांकडं बघून घाम पुसतो. आपण सोलापूरकर "बघू, वेळेवर काढू" म्हणतो. वेळेवर काढलेलं तिकीट त्याला त्या रात्री वाचवतं, पण पुढच्या नाटकाला हो म्हणायचा धीर आगाऊ विक्रीतूनच येतो. म्हणून निदान विनोदी नाटकाचं तिकीट तरी दोन-तीन दिवस आधी काढा. दर साधारण २०० ते ५०० रुपयांच्या घरात असतात.

तिकीट काढताना खिडकीवर चार गोष्टी विचारा. जाहिरातीत ज्यांचे फोटो आहेत तेच नट आहेत ना, की बदली संच आहे? दोन अंकी नाटक आहे, की टीव्हीवरच्या स्किटांचा कार्यक्रम? एकूण वेळ किती? लहान मुलांना आणू का? चारही प्रश्न सरळ आहेत आणि चांगला व्यवस्थापक सरळ उत्तर देतो. मी एकदा हे न विचारता टीव्हीवरच्या ओळखीच्या चेहऱ्याचा फोटो बघून घरच्या पाच जणांची तिकिटं काढली. तो नट चाळीस मिनिटं आला, प्रेक्षकांतल्या तिघांबरोबर फोटो काढले आणि गेला. उरलेले दोन तास ऑर्केस्ट्रा. आईला गाणी आवडली, पण आम्ही हसायला गेलो होतो आणि मला ते फार लागलं.

बसायचं कुठं? विनोदी नाटकाला पहिली रांग नको. मान वर करून बघावं लागतं आणि दोन नटांतली नजरानजर एकदम दिसत नाही. चौथ्या ते नवव्या रांगेतली मधली जागा सगळ्यात चांगली: चेहरे दिसतात आणि मागून येणारा हशा अंगावरून पुढं जातो. बाल्कनी असलेल्या नाट्यगृहात बाल्कनीच्या खाली अगदी मागं बसू नका. वरच्या छतानं आवाज दबतो, वाक्याचा शेवट ऐकू येत नाही, आणि विनोदात सगळं असतं ते वाक्याच्या शेवटी. अर्धं प्रेक्षागृह रिकामं असेल तर व्यवस्थापकाला विचारून लोकांच्या जवळ सरका. मधे रिकाम्या खुर्च्या असल्या की हशा तिथंच विझतो.

तिसऱ्या घंटेच्या आधी आत या. विनोदी नाटकाची पहिली दहा मिनिटं लेखक बी पेरत असतो: कोण कुणाला घाबरतं, कोण काय लपवतंय, पत्र कुठल्या खिशात आहे. दुसऱ्या अंकातला सगळा गोंधळ त्या दहा मिनिटांवर उभा असतो. उशिरा आलेला माणूस इतरांना हसताना बघून हसतो.

दौऱ्यावरचे नट गावाप्रमाणं संहितेबाहेरची वाक्यं घालतात, म्हणजे अॅडिशन घेतात. मूळ वाक्यातलं दादर काढून सात रस्ता घालतात, कुणी बाळीवेस म्हणतं, कुणी "काय बे" म्हणून टाळी घेतं. पहिल्यांदा मजा येते. पण नुसतं चौकाचं नाव घेऊन घेतलेली टाळी आणि सोलापूरच्या माणसाचा स्वभाव पकडून घेतलेला हशा यात फरक आहे. एका नटानं आमच्याकडं जेवणाच्या प्रसंगात शेंगाचटणीची वाटी सगळ्यांना नको नको म्हणत हळूच स्वतःकडं ओढली, बोलला काहीच नाही. प्रेक्षागृह दणाणलं. अशा नटाचं नाव लक्षात ठेवा. तो पुन्हा आला की नाटक कुठलं हे न बघता तिकीट काढायला हरकत नाही.

पाचवी पायरी: हौशी रंगभूमीवर जीव लावा

माझ्या मते या शहरातला सगळ्यात जिवंत विनोद इथं आहे. सोलापूर हे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे आणि प्राथमिक फेरीत ओळीनं रोज एक नाटक होतं. बँकेत, शाळेत, महावितरणमध्ये, कारखान्यात काम करणारी माणसं दोन-तीन महिने रात्री तालमी करून उभी राहतात. याच हौशी वातावरणात मोठी झालेली माणसं पुढं कुठं गेली ते सगळ्यांना माहीत आहे: जब्बार पटेल सोलापूरच्या शाळेत शिकले, अतुल कुलकर्णींनी इथं 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम केलं. १०० व्या नाट्य संमेलनाचा एक टप्पा जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात झाला, तोही या मंडळींच्या जोरावर.

स्पर्धेचं पूर्ण वेळापत्रक सुरुवातीलाच जाहीर होतं. ते घ्या आणि नाटकांच्या नावांवरून विनोदी कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करू नका, फसाल. 'आनंदीआनंद' छापाच्या नावाखाली मरणाचं नाटक असतं. त्यापेक्षा नाट्यगृहातल्या नेहमीच्या प्रेक्षकाला विचारा. कुठल्या संघाकडं यंदा फार्स आहे हे त्याला तालमीपासून ठाऊक असतं. स्पर्धेत गंभीर नाटकांची संख्या नेहमी जास्त असते, कारण विनोदी नाटकाला बक्षीस मिळत नाही असा संघांचा समज आहे. हा समज मोडायचा असेल तर विनोदी नाटकाच्या दिवशी प्रेक्षागृह भरलेलं दिसलं पाहिजे. तेवढं आपल्या हातात आहे.

परीक्षक बसलेले असतात, त्या रांगेच्या अगदी मागं बसू नका. तिथं लोक उगाच सांभाळून हसतात.

युवा महोत्सव ही याचीच धाकटी पाती. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा हा महोत्सव वेगवेगळ्या कॉलेजांत फिरतो. विनोदासाठी तीन प्रकार बघा: प्रहसन, मूकनाट्य आणि नकला. प्रहसनाला १० मिनिटं आणि जास्तीत जास्त ६ कलाकार, मूकनाट्य आणि नकलेला ५-५ मिनिटं. एवढ्या वेळात पोरं एसटीचा अख्खा थांबा उभा करतात: धूळ, कंडक्टरची शिट्टी, खिडकीतून टाकलेला रुमाल, त्या रुमालावरून भांडण. सांगोला, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, प्रत्येक तालुक्याची बोली वेगळी कानावर पडते. सकाळी डबा घेऊन जा आणि संध्याकाळपर्यंत बसा. एकामागून एक वीस प्रहसनं बघितली की पाच फसतील, दहा बरी असतील आणि एखाद्यात असं कोणीतरी दिसेल की घरी येऊन चार जणांना नाव सांगाल.

सहावी पायरी: तमाशा बघायचा तर कुठला, हे आधी समजून घ्या

"तमाशा बघायचाय" म्हणून शहरातले लोक पुणे रस्त्यावरच्या मोडनिंबला जातात आणि परत येऊन म्हणतात, विनोद काहीच नव्हता. मोडनिंबच्या कला केंद्रांमध्ये संगीत बारी असते. तिथं लावणी, अदा, पेटी-तबल्याची साथ ऐकायला जावं. ती फार मोठी कला आहे, पण हसण्यासाठी ती जागा नव्हे. हसायचं असेल तर ढोलकी फडाचा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या मंडळीचा, तमाशा हवा. तो फड दसऱ्याला बाहेर पडतो, कनातीत तिकिटावर खेळ करतो आणि यात्रांच्या दिवसांत गावाच्या सुपारीवर येतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथं जाऊन यात्रेचा तमाशा ठरवतात. तुमच्या ओळखीच्या गावच्या यात्रा कमिटीतल्या एखाद्याला पाडव्यानंतर फोन करा. कुठला फड, कुठल्या रात्री, सगळं तेव्हाच ठरलेलं असतं.

खेळाचा क्रम डोक्यात ठेवा: गण (गणपतीचं स्तवन), गवळण, बतावणी, वग (शेवटचं कथानाट्य). गवळणीत मावशी येते, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. ती कृष्णाला अडवते, पेंद्याला झाडते आणि समोर बसलेल्या सरपंचालाही सोडत नाही. बतावणी हा दोघांचा सामना, आणि शुद्ध विनोद बघायचा तर तो इथं. एक जण शहाणा, दुसरा सोंगाड्या. सोंगाड्या प्रत्येक शब्द शब्दशः घेतो, गंमत तिथून उगवते. ढोलकीचा तोडा थांबतो आणि सुरू होतं, ते साधारण असं:

"कुठं चाललास?"
"सोलापूरला."
"कशापायी?"
"चादर आणाया."
"घरात हाय की चादर!"
"हाय. पन शाणी मानसं म्हनत्यात अंथरूण पाहून पाय पसरावं. माजी चादर गुडघ्याला संपती. तवा एक तर मोठी चादर आणतो, न्हाय तर सुताराकडं जाऊन पाय तासून घेतो. कुटलं स्वस्त पडंल?"

कागदावर हे साधं वाटतं. पण "गुडघ्याला संपती" म्हणताना सोंगाड्या स्वतःच्या पायाकडं असं बघतो की ते पाय दुसऱ्याचे आहेत, आणि शहाणा कपाळाला हात लावून मागं फिरतो तेवढ्यात ढोलकीवाला एक थाप देतो. ती थाप अर्ध्या क्षणानं चुकली तर हशा जातो. मी तर अनेकदा सोंगाड्याऐवजी ढोलकीवाल्याच्या हाताकडंच बघत बसतो.

त्यासाठी मंचाच्या जवळ, ढोलकीच्या बाजूला जागा धरा. सोबत सतरंजी, पाणी, आणि उन्हाळा असला तरी एक पांघरूण, कारण माळावर रात्री गार वारा सुटतो. बतावणीत द्वयर्थी बोलणं असतं, हे मुलांना न्यायच्या आधी लक्षात घ्या. आणि एक विनंती आहे. मंचासमोर शिट्ट्या मारत, मोबाइलचा प्रकाश टाकत उभं राहणाऱ्यांत सामील होऊ नका. हे कलावंत रात्री खेळ करून सकाळी दुसऱ्या गावाला निघतात. कित्येक महिने हेच चालतं. त्यांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

भारूड

आषाढी वारीच्या दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून जाते, आणि जिल्ह्यात तर चहूबाजूंनी दिंड्या येतात. मुक्कामी रात्री कीर्तनानंतर भारूड असेल तर थांबा. एकनाथांची रचना, ठिगळाचं लुगडं नेसलेला भारुडकार, हातात मोडका पंखा किंवा झाडू. तो बायकांच्या घोळक्यात जाऊन सुनेची तक्रार सासूलाच सांगतो. लोक पोट धरून हसत असतात आणि तेवढ्यात तो एक ओळ अशी म्हणतो की मांडव गप्प होतो. तिकीट नाही, खुर्ची नाही. दक्षिणा मात्र टाका.

स्टँडअप हवंच असेल तर

मराठी स्टँडअप गेल्या काही वर्षांत चांगलं रुजलंय, भाडिपा या यूट्यूब चॅनेलसारख्यांनी ते तरुणांपर्यंत नेलं. सोलापुरात याचे प्रयोग दौऱ्यानं येतात किंवा एखाद्या कॅफेत ओपन माइक होतं. कॅफेची इन्स्टाग्राम पानं बघत राहा आणि आवडत्या कलाकाराला फॉलो करून ठेवा, दौऱ्याच्या पोस्टखाली "सोलापूर कधी?" असं चाळीस जणांनी लिहिलं तर त्याचा उपयोग होतो.

ओपन माइकला जाताना अपेक्षा वेगळी ठेवा. तिथं प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात आणि बहुतेक जण नवा मजकूर तपासत असतात. आठ जणांत दोघं हसवतील. पडणाऱ्या पोराकडं मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका, नुसतं बघत राहिलात तरी त्याला बळ येतं. व्हिडिओ काढू नका. त्याचा अर्धा शिजलेला विनोद गावभर फिरला तर तो पुढं काय सांगणार? मधे मधे बोलूही नका, तो आपणहून विचारेल तेव्हा मोकळेपणी खरं उत्तर द्या.

मोठ्या कलाकारासाठी पुणं गाठायचं ठरवलं तर परतीचा विचार आधी करा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणं सोपं आहे, पण तीच गाडी परत यायला संध्याकाळी निघते आणि तोवर शो सुरूही झालेला नसतो. मग मध्यरात्रीनंतर पुण्याहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, किंवा मुक्काम. अडीचशे किलोमीटर रात्री गाडी चालवत येण्याचा हट्ट करू नका.

काहीच लागलं नसेल तर घरीच लावा

हे अवघड नाही. आमच्या सोसायटीत आम्ही तीनदा केलंय. चाळीस-पन्नास माणसं मावतील असा हॉल घ्या. दोनशेच्या हॉलमध्ये पन्नास बसवू नका. खुर्च्या एकमेकींना खेटून आणि कलाकारापासून पाच-सहा फुटांवर. कलाकारावर एकच चांगला दिवा, प्रेक्षकांवर अंधार. उजेडात माणूस शेजारी बघून हसतो, अंधारात मोकळा होतो. स्पीकर कानाच्या उंचीवर. चहा-नाश्ता आधी किंवा नंतर, मधे अजिबात नाही.

आणि कूलर. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोन मोठे कूलर लावले. एकपात्री करणारे काका म्हातारीच्या आवाजात हळू बोलायला लागले आणि तिसऱ्या रांगेपासून मागं कुणाला अक्षर ऐकू येईना. लोक "काय म्हणाले?" विचारत राहिले, काका घामाघूम झाले, कार्यक्रम पडला. चूक आमची होती. पुढच्या वेळी डिसेंबर धरला, पंखेही बंद ठेवले, आणि तेच काका, तीच म्हातारी: लोकांनी पुन्हा करायला लावलं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर कार्यक्रमाआधी दोन तास कूलर चालवून हॉल थंड करा आणि सुरू होताना बंद करा.

कलाकाराचं मानधन आधी ठरवा आणि कार्यक्रम संपताच हातात द्या. छापलेलं नाटक किंवा एकांकिका बसवणार असाल तर लेखकाची परवानगी आणि त्याचं मानधन लागतं. तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, महिना-दोन महिने आधी सुरुवात करा.

प्रयोग सुटल्यावर

हुतात्मातून बाहेर पडलं की पार्क चौपाटी चालत जाण्यासारखी आहे. तिथं उभं राहून खाताना नाटकातली वाक्यं पुन्हा म्हटली जातात, त्यात अर्धी मजा असते. रात्री उशिरा रिक्षा मिळायला वेळ लागतो. लांब राहणाऱ्यांनी जाताना दोन-तीन घरं मिळून एक गाडी ठरवावी.

पण चौपाटीकडं वळायच्या आधी पाच मिनिटं नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जा. सेटच्या फ्रेमा ट्रकमध्ये चढत असतात, नट मेकअप पुसून चहा पीत असतात. कुठल्या वाक्याला सगळ्यात जास्त हसलात ते त्यांना सांगा, त्यांना ते हवं असतं. आणि व्यवस्थापक तिथंच हिशेबाची वही घेऊन उभा असतो, त्याला विचारा: पुढची तारीख कुठली?